वादळात पडलेले घरटे आणि त्यातली अंडी : काय करावे आणि काय टाळावे

ज्या दिवसांत बुलबुल, होला, साळुंकी, दयाळ, शिंजीर अशा आपल्याकडच्या बहुतेक निवासी पक्ष्यांची वीण ऐन भरात असते, नेमक्या त्याच दिवसांत वळवाचा पाऊस आणि मृगाचे वारे येतात. त्यामुळे एखाद्या सकाळी अंगणात, सोसायटीच्या आवारात किंवा शाळेच्या मैदानावर तुटलेल्या फांदीसह घरटे पडलेले दिसणे आणि त्यात दोन-तीन अंडी शाबूत असणे ही दुर्मीळ गोष्ट नाही. पाहणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो अंडी घरात नेऊन, कापसात गुंडाळून, दिव्याखाली ठेवून पिल्ले जगवण्याचा. हा विचार कळकळीतून येत असला, तरी जवळजवळ प्रत्येक वेळी तो अंड्यांच्या मुळावर उठतो. रानपक्ष्याचे अंडे नीट उबवणे आणि त्यातून निघालेले पिल्लू रानात जगण्याजोगे वाढवणे हे काम त्याचे आईबापच करू जाणतात. म्हणून घरटे शक्य तितक्या लवकर आणि शक्य तितके जुन्या जागेजवळ परत बसवावे आणि आपण तेथून दूर व्हावे, हाच या लेखातल्या मार्गदर्शनाचा गाभा आहे. ते साधत नसेल तर काय करावे, हेही पुढे सांगितले आहे.

हात लावण्यापूर्वी

घरटे दिसताच ते उचलण्याची घाई करू नये. प्रथम वर पाहावे. अर्धवट तुटून लोंबकळणारी फांदी, सैल झालेली विजेची तार किंवा कललेले झाड असेल, तर त्याखाली उभे राहणे धोक्याचे असते. तारेला फांदी टेकलेली असल्यास वीज वितरण कंपनीला कळवावे आणि वीजप्रवाह बंद झाल्याची खात्री होईपर्यंत जवळ जाऊ नये. जागा सुरक्षित असेल, तर मांजर, कुत्रे आणि गर्दी तेवढी दूर ठेवावी आणि पाच-दहा मिनिटे थोड्या अंतरावरून आसपासच्या पक्ष्यांकडे लक्ष द्यावे. एखादी जोडी अस्वस्थपणे ओरडत त्याच त्या फांद्यांवर येरझारा घालत असेल, तर बहुधा ते घरटे तिचेच असते. घरटे नेमके कुठल्या बेचकीतून किंवा फांदीवरून निसटले, हे याच वेळी शोधून ठेवावे. घरटे, अंडी आणि वरची मोकळी झालेली जागा यांची मोबाईलवर दोन-तीन छायाचित्रे काढली, तर पक्षी ओळखायला, घरटे योग्य दिशेने बसवायला आणि गरज पडल्यास वनविभागाला माहिती द्यायला त्यांचा उपयोग होतो.

अंड्यांबरोबर पिल्लेही असतील, तर काम थोडे सोपे होते. पिल्ले ओरडून आईबापांना बोलावतात. अंड्यांना आवाज नसतो, आणि विणीच्या सुरुवातीला घरट्यात गुंतलेले श्रमही कमी असतात. त्यामुळे पिल्लांसाठी परत येणारे पक्षी अंड्यांसाठी परत येतीलच असे नाही. प्रयत्न जरूर करावा, पण ही मर्यादा आधीपासून ध्यानात ठेवून करावा.

ते अंडे खरोखरच पडलेले आहे का?

जमिनीवर दिसणारे प्रत्येक अंडे घरट्यातून पडलेले नसते. टिटवी माळरानावर, शेताच्या बांधावर, बांधकामाच्या खडीवर आणि क्वचित सपाट गच्चीवरही थेट जमिनीवर अंडी घालते. साधारणपणे चार, मातकट रंगाची, काळपट ठिपक्यांची आणि एका टोकाला निमुळती असलेली ही अंडी निमुळती टोके आत करून मांडलेली असतात, आणि ती उबायला सुमारे चार आठवडे लागतात. चंडोल, रातवा, लावा आणि तित्तर हेही जमिनीवरच वीण करतात. अशी अंडी अनाथ समजून उचलणे म्हणजे नांदते घर मोडणे होय. तेथे करण्यासारखे काम एवढेच असते की, शेतात ट्रॅक्टर फिरणार असेल किंवा आवारात बांधकामाचे सामान टाकले जाणार असेल, तर अंड्यांपासून काही पावले अंतरावर चारी बाजूंना दगड किंवा काठ्या लावून खूण करावी आणि काम करणाऱ्यांना तेवढा तुकडा सोडायला सांगावे. खूण अगदी अंड्यांजवळ केली, तर तीच कावळ्यांचे आणि माणसांचे लक्ष वेधून घेते.

काही अंडी पक्ष्याची नसतातच. कुंडीतली माती उकरताना सापडणारी, मऊ आणि चामड्यासारख्या कवचाची लांबट अंडी बहुधा सरड्याची किंवा सापाची असतात, तर कपाटामागे किंवा भिंतीच्या फटीत मिळणारी वाटाण्याएवढी पांढरी, टणक आणि गोलसर अंडी पालीची असतात. ती जागच्या जागी ठेवून वरून तीच माती पुन्हा पसरावी. झाडाखाली स्वच्छ कापल्यासारखी अर्धी कवची मिळाली आणि आत बलकाचा मागमूस नसेल, तर पिल्लू सुखरूप बाहेर आलेले असण्याची शक्यता अधिक असते, कारण अनेक पक्षी रिकामी कवची चोचीत धरून घरट्यापासून दूर नेऊन टाकतात.

अंडी तपासताना

माणसाचा हात लागला की पक्षी घरटे टाकून देतात, हा समज आपल्याकडे घरोघरी आहे, आणि लहान मुलांना घरट्यापासून दूर ठेवण्यासाठी तो सोयीचाही पडला आहे. प्रत्यक्षात केवळ माणसाच्या हाताच्या वासामुळे पक्षी अंडी सोडत नाहीत. ते सोडतात ती वारंवार होणाऱ्या वर्दळीमुळे, म्हणजे माणूस पुन्हा पुन्हा जवळ येऊन डोकावू लागला, फांदी हलवू लागला किंवा तासन्तास तेथेच उभा राहिला तर. आणि अंडी नुकतीच घातलेली असताना तर फारच लवकर सोडतात. म्हणून अंड्याला हात लावायला हरकत नाही, पण जे करायचे ते एकाच फेरीत आणि थोडक्यात करावे. हात स्वच्छ आणि कोरडे असावेत, त्यांना तेल किंवा क्रीम लागलेले नसावे, कारण कवचाला असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात आणि गर्भ त्यांतूनच श्वास घेतो. याच कारणाने अंडे धुऊ नये आणि ओल्या फडक्याने पुसूही नये. कवचावरचा नैसर्गिक लेप धुण्याने निघून जातो आणि जंतूंना आत वाट मिळते. अंडे हलवून कानाशी धरू नये. आतला बलक ज्या पीळदार तंतूंनी तोलून धरलेला असतो, ते आणि कोवळ्या रक्तवाहिन्या हिसक्याने तुटतात.

कवच फुटून द्रव बाहेर येत असेल, तर त्या अंड्याचा नाद सोडावा आणि ते घरट्यातून बाजूला काढावे, कारण त्याच्या वासाने मुंग्या येतात आणि उरलेल्या अंड्यांवरही चढतात. नुसती केसाएवढी चीर असून आतला पापुद्रा शाबूत असेल, तर अंडे घरट्यात राहू द्यावे. गोंद, मेण किंवा नखांचा रंग लावून ते सांधण्याचा खटाटोप करू नये.

अंडे हाताला गार लागले, म्हणजे ते मेले असे समजू नये. बहुतेक लहान पक्षी रोज एक याप्रमाणे अंडी घालतात आणि शेवटचे किंवा त्याच्या आधीचे अंडे घातल्यावरच जोमाने उबवायला बसतात. तोपर्यंतची अंडी गारच असतात आणि त्यांतली गर्भाची वाढ जवळपास थांबलेली असते, कारण साधारण २५ ते २७ अंशांच्या खाली गर्भ वाढत नाही. उबवणे सुरू झाल्यानंतरही मादी चारापाण्यासाठी मधूनमधून उठते, तेव्हा थोडा वेळ निवणे अंड्याला सोसते. त्याला सोसत नाही ते अतिरिक्त ऊन. उबवताना अंड्याचे तापमान ३७-३८ अंशांच्या आसपास असते आणि ४१ अंशांच्या पुढे गर्भ लवकर दगावतो. विदर्भात आणि मराठवाड्यात मे महिन्यात उघड्यावरच्या दगडाचे किंवा पत्र्याचे तापमान याच्या कितीतरी वर जाते, आणि म्हणूनच अनेक पक्षी भर दुपारी अंड्यांवर बसलेले दिसतात ते ऊब देण्यासाठी नव्हे, तर सावली धरण्यासाठी. पडलेले घरटे उन्हात असेल, तर इतर कुठल्याही विचारापूर्वी ते सावलीत सरकवावे.

घरटे परत बसवणे

शक्य असेल तर मूळ घरटेच वापरावे, कारण पक्षी आपली जागा ओळखतो तशीच ओळखीची बांधणी लवकर स्वीकारतो. घरटे चिखलाने लडबडले असेल, तर वरचा ओला थर हलकेच काढून आतला कोरडा भाग राखावा. ते फाटले असेल, तर बांबूची छोटी परडी किंवा दुरडी घेऊन तिच्यात ते जसेच्या तसे ठेवावे. परडी विणलेली असल्याने पाणी खाली झिरपते. प्लास्टिकचा डबा वापरावाच लागला, तर त्याच्या तळाला पाच-सहा भोके पाडावीत, नाहीतर पुढच्या सरीत अंडी पाण्यात बुडतात. भरीला सुके गवत आणि बारीक काड्या घ्याव्यात. कापूस, लोकर, केस आणि सुट्या दोऱ्या टाळाव्यात. कापूस पावसाने भिजून गोळा होतो आणि दोरे पुढे पिल्लांच्या पायांत अडकून पाय तुटण्यापर्यंत वेळ येते. हिरवे गवतही नको, ते ओल धरते आणि बुरशी आणते.

बांधायला सुतळी उत्तम. नायलॉनचा मांजा किंवा उघडी तार वापरू नये. मूळ झाड उभे असेल तर त्याच फांदीवर, नसेल तर दोन-तीन मीटरच्या आतल्या शेजारच्या झाडावर किंवा झुडपावर, साधारण त्याच उंचीवर आणि दुपारी पानांची सावली येईल अशा बाजूला घरटे पक्के करावे. अंडी आधी वेगळ्या वाटीत सुरक्षित ठेवावीत, घरटे बांधून झाल्यावर ते वाऱ्याने कलंडत नाही ना हे फांदी हलकेच हलवून पाहावे आणि मगच अंडी आत ठेवावीत. फार उंचीवर चढण्याचे धाडस करू नये. मूळ जागा उंच असेल, तर शिडीने सुरक्षितपणे पोहोचता येईल तेवढ्या उंचीवर घरटे बसवले तरी चालते, फक्त ते मांजराच्या झेपेबाहेर असावे.

ही झाली सर्वसाधारण पद्धत. प्रत्यक्षात घरट्याच्या प्रकारानुसार काम बदलते.

लालबुड्या बुलबुलाचे घरटे वाटीसारखे असून ते झुडपात, वेलीत, कित्येकदा गॅलरीतल्या कुंडीतही असते. अंडी दोन-तीन, गुलाबीसर पांढऱ्या रंगावर तांबूस ठिपके असलेली, आणि उबवण्याचा काळ साधारण दोन आठवड्यांचा. अशा घरट्यासाठी अर्धी नारळाची करवंटी तळाला भोक पाडून आधार म्हणून छान बसते. होल्याचे घरटे म्हणजे आरपार दिसणाऱ्या चार काड्यांचा विरळ थर. त्यातली दोन पांढरी अंडी किरकोळ वाऱ्यानेही घरंगळतात. होल्याला खोल परडी देऊ नये, उथळ आणि पसरट टोपलीत काड्या रचून द्याव्यात. नर आणि मादी आळीपाळीने बसत असल्याने येथे जोडी परतण्याची आशा बरी असते.

सुगरणीच्या घरट्याबाबत एक गोष्ट लक्षात ठेवावी. पावसाळ्यात विहिरीकाठच्या बाभळीखाली किंवा शिंदीखाली पडलेली पुष्कळ घरटी रिकामी असतात. नर घरटे टोपीसारखे अर्धवट विणून मादीला दाखवतो आणि तिने नाकारले तर ते तसेच सोडून नवे विणायला घेतो. म्हणून आधी खालच्या नळीतून टॉर्चच्या उजेडात आत पाहावे. अंडी असतील, तर घरटे न फाडता, नळीचे तोंड खाली राहील अशा रीतीने ते वरच्या देठाजवळ सुतळीने त्याच झावळीला किंवा फांदीला टांगावे. फांदी विहिरीवर झुकलेली असेल, तर तिकडे जाऊ नये. काठावरच्या सुरक्षित फांदीवर समाधान मानावे.

शिंजीराचे लोंबते घरटे टांगायलाही हीच पद्धत आहे, मात्र त्याचे दार बाजूला असते, ते मूळ दिशेला ठेवावे. शिंप्याचे घरटे शिवलेल्या पानांत असल्याने ती पाने देठातून तुटली की दोन दिवसांत वाळून आक्रसतात. तेव्हा पानांसह आतली मऊ वाटी उचलून लहान करवंटीत ठेवावी आणि करवंटी त्याच झुडपाच्या दाट पानांत बांधावी.

पोपट, साळुंकी, तांबट, पिंगळा हे ढोलीत वीण करतात. ढोली असलेली फांदी कोसळली, तर अंडी बहुधा फुटतात. न फुटलेली असतील, तर ढोलीचा तेवढा ओंडका कापून, तोंड पूर्वीच्याच दिशेला ठेवून, जवळच्या मजबूत खोडाला उभा बांधावा. हे काम एकट्याने करण्यासारखे नाही. कावळ्याच्या घरट्याजवळ जाताना डोक्यावर टोपी किंवा हेल्मेट असावे, कारण कावळे चोच मारायला कमी करत नाहीत. त्या घरट्यात वेगळ्या छटेचे, थोडे लहान अंडे दिसले तर ते कोकिळेचे असू शकते आणि तेही तसेच परत ठेवावे.

बगळे, रातबगळे आणि पाणकावळे यांच्या वसाहतीचे झाड पडले, तर प्रश्न एका घरट्याचा राहत नाही आणि तेथे थेट वनविभागालाच बोलवावे. झाडाखाली मेलेले पक्षी आढळले, तर कशालाही हात न लावता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. महाराष्ट्रात २००६ मध्ये नवापूरला आणि २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यात कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला होता आणि रानपक्षीही या रोगाला बळी पडतात. एरवीही घरटे हाताळल्यावर साबणाने हात धुणे आवश्यक आहे, कारण घरट्यात पिसवांसारखे बारीक किडे आणि पोटाचे विकार घडवणारे जंतू असतात.

दुरून पाहणी

घरटे बसवल्यावर निदान १५ मीटर दूर जावे, किंवा खिडकीच्या पडद्याआडून पाहावे. पहिला तास-दोन तास जोडी नुसती आसपास फिरत राहील, फांदीवर येऊन परत उडून जाईल; ते संशयाचे वागणे स्वाभाविक आहे. पक्षी घरट्यात बसला आणि काही मिनिटे बसून राहिला, की काम झाले असे समजावे आणि त्यानंतर जवळ जाणे, अंडी मोजणे, छायाचित्रे काढणे पूर्ण थांबवावे. दाणे किंवा भाताची शिते घरट्याखाली टाकू नयेत, त्यामुळे कावळे आणि उंदीर जमतात.

रात्री घरटे पडले आणि पाऊस थांबत नसेल, तर ते पुठ्ठ्याच्या खोक्यात, घरातल्या शांत आणि कोरड्या जागी ठेवून पहाट होताच परत बसवावे. तेवढ्या वेळात दिवा, हीटर किंवा गरम पाण्याची पिशवी लावण्याचा मोह टाळावा, कारण रात्रभर निवण्यापेक्षा तासभर भाजणे अंड्याला अधिक घातक असते.

जोडी परतली नाही तर

घरटे सकाळी बसवून दिवस मावळेपर्यंत एकही पक्षी त्यावर बसला नाही, तर वनविभागाला कळवावे. महाराष्ट्रात त्यासाठी १९२६ हा क्रमांक आहे. इतर राज्यांत स्थानिक वन कार्यालयाशी किंवा जिल्ह्याच्या मानद वन्यजीव रक्षकाशी संपर्क साधावा. नागपुरात सेमिनरी हिल्स येथे आणि पुण्यात बावधन येथे वन्यप्राण्यांसाठी उपचार केंद्रे आहेत, तर मुंबईत परळच्या बाई साकराबाई दिनशा पेटिट रुग्णालयात पक्ष्यांवर उपचार होतात. मात्र अशा केंद्रांची शक्ती प्रामुख्याने जखमी पक्षी आणि पिल्ले यांच्यासाठी खर्च होते, आणि बुलबुल किंवा होल्यासारख्या सर्वत्र आढळणाऱ्या पक्ष्याची अंडी ती स्वीकारतीलच असे नाही. त्यांनी नकार दिला, तर तो निष्ठुरपणा समजू नये.

यामागची अडचण सरळ आहे. अंड्याला स्थिर तापमान, योग्य दमटपणा आणि दिवसातून अनेकदा वळवणे लागते. कोंबडीच्या अंड्यांसाठी बनवलेल्या यंत्रात बुलबुलाचे इवलेसे अंडे सहसा निभत नाही. ते उबलेच, तर डोळे मिटलेले उघडे पिल्लू पहाटेपासून अंधार पडेपर्यंत दर अर्ध्या तासाला, पहिल्या दिवसांत त्याहूनही लवकर, किड्यांचा आहार मागते. माणसाच्या हातून वाढलेले पिल्लू माणसालाच आपले समजू लागले, तर मोकळे सोडल्यावर ते फार काळ तगत नाही. ही अंडी कोंबडीखाली किंवा पिंजऱ्यातल्या पाळीव पक्ष्यांखाली ठेवण्यानेही हेच होते.

शिवाय कायद्याची बाजू आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच रानपक्ष्यांच्या अंड्यांचे नुकसान करणे आणि अंडी किंवा घरटी विस्कटणे यांचा समावेश आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर या कायद्यातली दंडाची रक्कमही वाढली आहे. पडलेले घरटे जागच्या जागी परत बसवणे वेगळे आणि अंडी घरी ठेवणे, संग्रहात घालणे किंवा कुणाला देणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात हेतू कितीही चांगला असला, तरी वनविभागाच्या संमतीशिवाय ते करू नये.

मग त्या अंड्यांचे काय करावे? कुणी घेणारे नसेल आणि जोडी दुसऱ्या दिवशीही फिरकली नाही, तर घरटे आहे तेथेच राहू द्यावे. मुंगूस, कावळे, मुंग्या त्याचा फडशा पाडतील, आणि त्यात गैर काही नाही. हे ऐकायला कठीण वाटते, परंतु बहुतेक लहान पक्षी वीण मोडली, तर एक-दोन आठवड्यांत नवे घरटे बांधून पुन्हा अंडी घालतात, आणि ज्या आवाराने त्यांना पुन्हा निवारा दिला त्याने त्या जोडीसाठी पुष्कळ केले. झुडपे तशीच दाट राहू द्यावीत, कोरडी पाने आणि काड्या कोपऱ्यात साचू द्याव्यात, मांजर पाळले असेल तर ते काही आठवडे घरात ठेवावे.

माणसाच्या हातून पडणारी घरटी

सगळीच घरटी वाऱ्याने पडत नाहीत. शहरांत पावसाळ्यापूर्वीची फांद्यांची छाटणी मे महिन्यात होते आणि करवतीखाली किती घरटी येतात ते कुणी मोजत नाही. महाराष्ट्राच्या नागरी भागांत १९७५ च्या झाडांविषयीच्या कायद्यानुसार झाड तोडण्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, त्यामुळे छाटणी सुरू होताना परवानगीचा कागद पाहायला मागण्यात संकोच करू नये. फांदीवर वापरातले घरटे असल्याचे छायाचित्र दाखवून कामगारांना तेवढी फांदी सोडायला सांगावे. ते ऐकत नसतील तर उद्यान विभागाला आणि वनविभागाला त्याच वेळी फोन करावा. सोसायटीने स्वतःची छाटणी ठरवताना ती जानेवारीत उरकून घेतली, तर बहुतेक झाडांवर तेव्हा नांदती घरटी नसतात. धोकादायक फांदी मात्र हंगामाची वाट न पाहता काढावी लागते, आणि त्या वेळी एका माणसाने आधी वर चढून पाहणी करून घरटे असल्यास ते शेजारच्या फांदीवर हलवण्याची तयारी ठेवावी.